गोठ्यातून माणसाच्या कातडीला काय लागतं, काय नाही? पावसाळ्यासाठी नेमकी माहिती हवी

दूधसंस्था_सत्तरी

नमस्कार मंडळी. संस्थेच्या सूचनाफलकावर पावसाळ्यासाठी एक पान लावायचं आहे. विषय : जनावरांपासून माणसाला होणारे त्वचारोग. सध्या सभासदांच्या गोठ्यांत जे दिसतं ते असं.

वासरांच्या डोळ्यांभोवती आणि मानेवर राखाडी, जाड, गोल चकत्या. त्याच घरांत धार काढणाऱ्यांच्या मनगटावर, पोटावर लाल कडेचे खाजरे चट्टे. दोन-तीन गोठ्यांत म्हशींच्या सडांवर फोड आणि खपल्या. बकऱ्यांच्या करडांच्या ओठांवर फुलकोबीसारख्या खपल्या. शिवाय लम्पीची भीती आहेच : गाठी आलेल्या गाईचं दूध काढलं तर आपल्या अंगावर गाठी येतील का, हे रोज कुणीतरी विचारतं.

औषधाच्या दुकानातून सगळे एकाच जातीची ट्यूब आणतात. आठ दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं. प्रश्न तीन : यातलं कुठलं खरोखर लागतं? माणसाने काय लावायचं? आणि गोठ्याचं काय करायचं?

---

पशुवैद्य_डिचोली

लम्पी आधी निकालात काढू. तो विषाणू गाई-म्हशींचा आहे, माणसाला होत नाही. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत एका जनावरातून दुसऱ्यात जातो. दूध उकळून प्यायला हरकत नाही. फलकावर हे पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहा, कारण या भीतीपोटी लोक आजारी गाईची धार काढायची सोडतात आणि तिला वर कासदाह होतो.

वासरांच्या चकत्या म्हणजे नायटा. बुरशीचं नाव ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम. ही माणसाला नक्की लागते. वासरांतच जास्त का? प्रतिकारशक्ती अजून तयार नसते, आणि पावसाळ्यात त्यांना एकाच कोपऱ्यात दाटीवाटीने बांधलं जातं. एकदा होऊन गेलं की बहुतेक जनावरांना पुन्हा होत नाही, म्हणून मोठ्या गाई त्याच गोठ्यात साफ दिसतात.

वासराचा नायटा दोन ते चार महिन्यांत आपोआप बरा होतो. म्हणूनच गावात प्रत्येकाकडे हमखास उपाय असतो. शेवटच्या आठवड्यात जे लावलं त्याला श्रेय मिळतं. मग उपचार कशाला? माणसाला लागू नये आणि बीजाणू कमी पडावेत म्हणून. पद्धत अशी :

हातात रबरी किंवा नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. चकतीवरची खपली कोमट साबणाच्या पाण्याने पाच-दहा मिनिटं भिजवायची, मग मऊ ब्रशने सोडवायची. कोरडी खरवडली की बीजाणू हवेत उडतात आणि तुमच्याच मानेवर बसतात. निघालेली खपली आणि केस खाली पडू द्यायचे नाहीत; वर्तमानपत्रावर घेऊन जाळून टाकायचे. मग ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन किंवा १ टक्का क्लोट्रिमॅझोल, चकतीच्या कडेबाहेर दोन बोटं जागा धरून, दिवसातून एकदा, दोन ते तीन आठवडे. डोळ्याच्या अगदी कडेला आयोडीन नको, तिथे मलमच. चकत्या अंगभर असतील तर पूर्ण अंगाला फवारायचं औषध डॉक्टर लिहून देतील. ग्रिसिओफुल्विनच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका, गाभण जनावराला तर अजिबात नाही. गर्भात व्यंग येतं.

एक गल्लत हमखास होते. पावसात भिजलेल्या जनावराच्या पाठीवर, खांद्यावर खपल्या येतात, खपली ओढली की केसांचा झुबका तिच्यासकट उपटून येतो आणि खाली ओलसर, पिवळट, कधी रक्ताळलेली कातडी दिसते. तो नायटा नाही, डर्मॅटोफायलस नावाचा जिवाणू आहे. त्यावर बुरशीचं मलम महिनाभर चोपडलं तरी काही होत नाही. जनावर कोरड्यात बांधायचं, खपल्या भिजवून काढायच्या, आणि पेनिसिलिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन डॉक्टरकडून. माणसाला हा क्वचित लागतो. हातावर बारीक पुळ्या येतात.

वासरू दाखवायला आणता येत नसेल तर निदान तीन फोटो काढा : लांबून, जवळून, आणि खपली निघाल्यावर खालची कातडी. तिसऱ्या फोटोवरून निम्मं निदान होतं.

---

त्वचातज्ज्ञ_फोंडा

माणसाच्या बाजूचं मी लिहितो. आधी एक सावधगिरी : घरात नायटा आहे आणि गोठ्यात वासरू आहे, म्हणून वासरावर आळ घालू नका. सध्या आपल्याकडे जो चिवट नायटा पसरला आहे तो बहुतांशी माणसाकडून माणसाला जातो : टॉवेल, कपडे, अंथरूण. जांघेत, कंबरेला पट्ट्याच्या जागी, नितंबांवर आणि घरातल्या चौघांनाही असेल तर तो माणसांतलाच समजा. वासराकडून आलेला वेगळा दिसतो. एक किंवा दोनच चट्टे, तेही जिथे जनावर टेकतं तिथे : मनगट, हाताचा आतला भाग, मान, पोटाची एक बाजू. शिवाय तो जास्त सुजतो, लालभडक, वर बारीक पुळ्या, कधी पू. जनावराकडून आलेल्या बुरशीला आपलं शरीर जोरात प्रतिकार करतं, म्हणून दिसायला भयंकर असला तरी बरा लवकर होतो.

मुलांच्या डोक्यात किंवा पुरुषांच्या दाढीत तो गेला तर मऊ, पिचपिचीत गाठ येते, वरून पू झिरपतो, केस हलकेच ओढले की न दुखता हातात येतात. ही गळू नाही, तिला चिरा देऊ नका. चिरा दिला की व्रण राहतो आणि तिथे केस पुन्हा येत नाहीत. इथे मलमाने भागत नाही, बुरशी केसाच्या मुळाशी असते. पोटातून गोळ्या लागतात, मुलाच्या वजनाप्रमाणे.

आता ती ट्यूब. दुकानात मिळते त्यात तीन-चार औषधं एकत्र असतात : बुरशीचं, जिवाणूंचं, आणि जोरदार स्टेरॉइड. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, माणूस खूश. पण त्याच स्टेरॉइडने कातडीची राखण थांबते आणि बुरशी खाली निवांत पसरते. ट्यूब संपली की कड पुसट, मधोमध लाल, रिंगणात रिंगण असा चट्टा घेऊन लोक येतात, आणि तेव्हा तो ओळखणंही कठीण होतं. महिनोन्महिने लावलं तर जांघेत कातडी पातळ होऊन पांढऱ्या-जांभळ्या रेघा पडतात. त्या जात नाहीत. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण चिठ्ठी मागणारं दुकान शोधावं लागतं.

ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचायला शिकवा. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, ल्युलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन हे स्टेरॉइड. या स्टेरॉइडांतलं एकही नाव दिसलं तर ट्यूब परत. ‘झोल’ आणि ‘सोल’ यांत घोळ होतो, म्हणून क्लोबेटासोल हे नाव फलकावर वेगळं ठळक लिहा.

लावायची रीत : साधं बुरशीचं मलम, दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि चट्टा पूर्ण गेल्यावरही आणखी दोन आठवडे. बुरशी कडेला वाढत असते, मधे नाही. लोक नेमकं मधे थापतात. बाहेरून आत चोळत या. एक-दोन छोटे चट्टे असतील तर एवढं पुरतं. मोठे, अनेक, डोक्यातले, दाढीतले किंवा चार आठवड्यांत न हललेले असतील तर गोळ्या : टर्बिनाफिन मोठ्या माणसाला साधारण २५० मिलिग्रॅम रोज, दोन ते चार आठवडे, कधी जास्त; किंवा इट्राकोनॅझोल. यकृताचा त्रास, गरोदरपण, हृदयविकार, चालू असलेली इतर औषधं हे बघूनच द्यायचं असतं, म्हणून गोळ्या परस्पर नकोत.

शंका असेल तर कडेचा भुगा खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. स्वस्त आणि अर्ध्या तासाची तपासणी आहे. बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात त्वचारोग विभाग आहे. तपासणीला येण्याआधी दोन आठवडे काही न लावता या, नाहीतर भुग्यात काही सापडत नाही.

आणि कपडे! पावसात गोव्यात काही वाळत नाही, सगळा नायटा ओलसर कपड्यांवर जगतो. अंतर्वस्त्रं, टॉवेल वेगळे, गरम पाण्यात धुवून, उन्हाचा भरवसा नसेल तर आतून इस्त्री फिरवून मगच घाला.

---

चिरेबंदी

गोठ्याबद्दल. नायट्याचे बीजाणू खपलीत आणि केसांत, लाकडावर, दोरीवर महिनोन्महिने, कोरड्या जागी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. आपल्याकडचे गोठे म्हणजे उघड्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती. चिरा सच्छिद्र, वासरू त्यावर अंग घासतं, केस छिद्रांत अडकतात. नुसतं पाणी मारून तिथून काही निघत नाही. वासरू टेकतं तेवढी भिंत, म्हणजे जमिनीपासून कमरेपर्यंत, सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून घ्या. एकदाचा खर्च आहे पण पुढे दरवर्षी धुणं जमतं.

धुण्याचा क्रम महत्त्वाचा. १) शेण, मूत्र, जुनी पेंढी सगळी काढा. २) साबणाच्या पाण्याने खरखरीत झाडूने घासा, भरपूर पाण्याने धुवा, पाणी निथळू द्या. ३) मग ब्लीचिंग पावडर. चांगली ताजी पावडर साधारण ३० ते ३३ टक्के क्लोरीनची असते. लिटरला ३० ग्रॅम टाकली की जवळपास १ टक्का द्रावण होतं. दहा लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम. गाळ बसू द्या, वरचं पाणी घ्या, भिंत-खांब-दावणीवर मारा, किमान दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुवा. जनावरं बाहेर, नाकाला फडकं, दारं उघडी.

पहिल्या दोन पायऱ्या टाळल्या की दोन गोष्टी होतात. शेणात क्लोरीन तिथल्या तिथे संपतं. आणि मूत्रातल्या अमोनियावर ब्लीचिंग पडली की डोळे-घसा जाळणारा वायू होतो. बंद गोठ्यात माणूस गुदमरतो. फिनेल, ॲसिड यात मिसळू नका. मागच्या वर्षीची उघडी, ओलावा ओढलेली पावडर असेल तर तिच्यात दम उरलेला नसतो. वास नाही म्हणजे क्लोरीन नाही.

काथ्याची दावी धुवून उपयोग नाही. उकळा, नाहीतर जाळून नवीन घ्या. खरारा, ब्रश प्रत्येक गटाला वेगळा. नायटा झालेली वासरं सर्वांत शेवटी हाताळायची.

---

दूधसंस्था_सत्तरी

फार उपयोगी. दोन शंका. इथे नायट्यावर तायकिळ्याचा (टाकळ्याचा) पाला वाटून लावतात, करंजाचं तेलही. त्याला हरकत आहे का? आणि म्हशींचे सड, करडांचे ओठ राहिले.

---

त्वचातज्ज्ञ_फोंडा

तायकिळा पावसाळ्यात भाजी म्हणून खा, त्यात वाईट काही नाही. त्याचा पाला नायट्यावर लावणं जुनं आहे आणि त्यात बुरशीवर थोडाफार चालणारं काहीतरी आहेही. पण ताजा पाला वाटून सुजलेल्या कातडीवर बांधला की कातडी पोळते, वर जिवाणू बसतात, आणि मूळ चट्टा दिसेनासा होतो. करंज तेल निरुपद्रवी आहे, मात्र तेलकट थर ओलावा धरून ठेवतो. बिबा किंवा काजूच्या टरफलाचं तेल मात्र कधीच नाही, त्याने भाजल्यासारखे फोड येतात. काजूच्या हंगामात बिया भाजणाऱ्या-सोलणाऱ्यांच्या बोटांची कातडी काळी पडून सोलते, ते याच तेलामुळे. रोग नाही, पण मार्च ते मेमध्ये हात तपासताना हे आधी विचारावं.

---

पशुवैद्य_डिचोली

सड आणि ओठ. दोन्हीकडे देवीच्या घराण्यातले विषाणू, पण वेगवेगळे.

म्हशींच्या सडांवर आधी लाल पुरळ, मग पाण्याचे फोड, मग मधे खळगा आणि काळपट खपली असं दिसलं तर म्हैसदेवी. हा माणसाला लागतो : धार काढणाऱ्याच्या बोटांवर, हाताच्या मागे, मनगटावर तसेच फोड, सोबत ताप, काखेत अवधाण. २००९ साली सोलापूर जिल्ह्यात अशी साथ जनावरांत आणि माणसांत दोन्हीकडे नोंदवली गेली होती. देवीची लस टोचलेल्यांना थोडं संरक्षण असतं; १९७० च्या दशकाच्या शेवटी ती लस थांबली, म्हणून दंडावर जुना देवीचा व्रण नसलेली पिढी जास्त सापडते. गाईंच्या सडांवरच्या घोड्याच्या नालासारख्या अर्धगोल खपल्यांचा दुसरा एक सौम्य प्रकार आहे. त्याने धार काढणाऱ्याच्या बोटावर पाच ते चौदा दिवसांनी एक-दोन जांभळट, कडक, फारशा न दुखणाऱ्या गाठी येतात. चार ते आठ आठवड्यांत आपोआप जातात.

करडांच्या ओठांवरचा तो मावा. शेळ्या-मेंढ्यांचा विषाणू, ओठ, नाकपुड्या, कधी खूर आणि आईचे सड. बाटलीने करडांना दूध पाजणाऱ्या मुलांच्या बोटावर, किंवा ईदच्या वेळी बाजारातून आणलेल्या बकऱ्याचं तोंड धरून औषध पाजणाऱ्याच्या हातावर, तीन ते सात दिवसांनी एक लाल फोड येतो. तो वाढतो, मधे पांढरा, भोवती लाल कडं, नंतर ओलसर, शेवटी खपली. चार ते सहा आठवडे. बघणाऱ्याला वाटतं बोट सडतंय, म्हणून कापायला जातात. कापू नका, दाबून फोडू नका. स्वच्छ धुवायचं, कोरडं झाकायचं, वाट बघायची. प्रतिजैविकाचा यावर काही परिणाम नाही. पू झाला, लाली दंडाकडे चढली किंवा ताप आला तरच.

मावा आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) एकत्र गुंडाळू नका. पीपीआरमध्ये मोठा ताप, नाकातून शेंबूड, डोळ्यांतून पाणी, जुलाब, आणि बकऱ्या मरतात. तो माणसाला लागत नाही. लाळ्या-खुरकूतही माणसाला जवळजवळ लागत नाही.

माव्याच्या करडाला : एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट एक लिटर पाण्यात, त्या जांभळ्या पाण्याने तोंड पुसायचं, मग बोरोग्लिसरीन, दिवसातून दोनदा. खपल्या जोराने काढू नका, रक्त आलं की पुन्हा पसरतं. करडू आईला लुचत नसेल तर वाटी-चमच्याने दूध पाजा, मावा नाही तर उपासमार मारते. गळलेली खपली गोठ्यात पुढच्या वर्षापर्यंत विषाणू जपते, ती जमवून जाळा.

धार काढण्याचा क्रम : निरोगी आधी, खपल्यावाली शेवटी, मधे हात साबणाने धुवून. धार झाल्यावर सड आयोडीनमध्ये बुडवायचे. ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनच्या १०० मिलिलिटर द्रावणात पाच मिलिलिटर ग्लिसरीन घाला, नाहीतर सडांना भेगा पडतात आणि भेगा म्हणजे पुढच्या रोगाला उघडं दार. पुढच्या धारेआधी पुसून, धुवून. अंगठा मुडपून धार काढायची सवय सोडवा. त्या गाठीने सडाची कातडी सोलते. पूर्ण मुठीने काढा.

---

वराहपालन_काणकोण

डुकरांचं कुणी लिहिलं नाही. परसात डुकरं असणारी घरं इथे पुष्कळ, आगोंदा गोअन ही नोंदणीकृत जातच आपली.

एक, खरूज. डुकराच्या कानात, कोपरांमागे जाड खपल्या, सतत घासणं. माणसाला डुकराची किंवा गाईची खरूज लागली तर खाज लगेच, एक-दोन दिवसांत, जिथे जनावर टेकलं तिथेच : दंड, मांड्या, पोट. बोटांच्या बेचक्यांत बारीक भोकं-रेघा नसतात, कारण तो किडा माणसाच्या कातडीत घर करून वाढत नाही. जनावराचा इलाज झाला की दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबते. उलट बेचक्यांत, मनगटाच्या आत, रात्री वाढणारी, घरभर पसरणारी खाज म्हणजे माणसाचीच खरूज. त्याला ५ टक्के परमेथ्रिन मानेपासून तळव्यांपर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री.

डुकराला आयव्हरमेक्टिन १ टक्का, कातडीखाली, ३३ किलोला एक मिलिलिटर. गाईला ५० किलोला एक मिलिलिटर. चौदा दिवसांनी पुन्हा. मटणासाठी डूकर शेवटच्या टोच्यानंतर किमान १८ दिवस, गुरं ३५ दिवस थांबवायची. दुभत्या गाईला हे टोचू नका, औषध दुधात उतरतं. जनावराची कुपी माणसाने स्वतःला टोचणं किंवा पिणं हा शुद्ध वेडेपणा आहे, तरी सांगावं लागतं.

दोन, बोटावरची जांभळी सूज. डूकर कापताना हाडाचा तुकडा टोचला, किंवा म्हावरं साफ करताना काटा लागला, आणि दोन ते सात दिवसांत बोट जांभळट-लाल, कडा स्पष्ट, ठसठस भयंकर पण पू नाही, असं असेल तर डॉक्टरला ‘डूकर’ किंवा ‘म्हावरं’ हा शब्द सांगाच. हा एरिसिपेलोथ्रिक्स नावाचा जिवाणू. साध्या पेनिसिलिनने, अमॉक्सिसिलिनने सात ते दहा दिवसांत जातो. हा तपशील कळला नाही तर गळू समजून चिरा देतात, त्यातून काहीच निघत नाही. ताप, धाप किंवा अंगभर चट्टे आले तर तातडीने इस्पितळ. क्वचित तो हृदयाच्या झडपांवर जातो.

---

त्वचातज्ज्ञ_फोंडा

वरचं बरोबर. आता लगेच इस्पितळ गाठायला लावणारी एक गोष्ट : काळपुळी, म्हणजे फाशी (अँथ्रॅक्स). खाजरी पुळी, एक-दोन दिवसांत पाण्याचा फोड, मग मधे कोळशासारखी काळी खपली, भोवती बारीक फोडांचं कडं आणि अवाजवी सूज. न दुखणं हीच तिची खूण. एवढं काळं आणि सुजलेलं असूनही दुखत नसेल तर थांबू नका. जनावराशी संबंध आल्यावर साधारण एक ते सात दिवसांनी. वेळेत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन मिळालं तर जीव जवळजवळ नेहमी वाचतो, उपचारच केला नाही तर पाचातला एक जाऊ शकतो. चिरा नाही, खरवड नाही.

वर बोटावरच्या माव्याबद्दल आलं ते मनात ठेवा. दोन्हींत काळी खपली होऊ शकते; फरक सूज आणि वेग यांत आहे. माव्याला आठवडे लागतात, काळपुळी दिवसांत वाढते.

---

पशुवैद्य_डिचोली

त्याची जनावराकडची बाजू : संध्याकाळपर्यंत चरणारं जनावर सकाळी मेलेलं, नाका-गुदद्वारातून काळसर न गोठणारं रक्त, अंग लवकर फुगलेलं आणि नीट न ताठलेलं. ते उघडू नका, कातडं काढू नका, मटण वाटू नका, कुत्र्यांना देऊ नका. उघडलं की जिवाणू हवेत येऊन बीजाणू होतो आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षं राहतो. पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्याला कळवा. ते कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेऊन काचेवर तपासतात. जाळणं सर्वांत चांगलं, नाहीतर किमान सहा फूट खोल, विहीर-ओढ्यापासून दूर. चुना टाकायची सवय आहे, पण फाशीत चुना टाळावा. त्यातलं कॅल्शियम बीजाणूंना टिकायला मदत करतं.

सत्तरीचे लोक आहात म्हणून गोचिडांबद्दल दोन ओळी. २०१५ पासून पाळी भागातून माकडताप (गोचिडांमार्फत पसरणारा विषाणूताप) माहीत आहे. तो त्वचारोग नाही, पण रानात चरून येणारी गुरं गोचीड घरापर्यंत आणतात. १२.५ टक्के अमिट्राझ लिटरला दोन मिलिलिटर, अंगावर फवारून, हातमोजे घालून, वारा पाठीवर घेऊन. गोचीड बोटांनी चिरडू नका; चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. नंतर ताप आला तर गोचीड आणि रान दोन्ही सांगा.

---

दूधसंस्था_सत्तरी

शेवटचं एक : संकलन केंद्रावर कॅन उचलणाऱ्याच्या, फॅट तपासणाऱ्याच्या हातावर चट्टा असेल तर त्याला कामावरून बाजूला करायचं का?

---

त्वचातज्ज्ञ_फोंडा

नायट्याचा छोटा कोरडा चट्टा असेल, मलम सुरू असेल आणि कपड्याखाली किंवा पट्टीखाली झाकला जात असेल तर काम करू दे. पू वाहणारा, ओलसर किंवा बोटांवरचा असेल तर सुकेपर्यंत दुधाच्या थेट कामापासून बाजूला, कॅन धुण्यालाही नाही. लेखनाचं काम द्या. हातमोजे नायट्राइलचे, आत हात कोरडे करून. दर दोन तासांनी बदलायचे. कापडी मोजे भिजून राहतात. गमबूटही रोज रात्री उलटे टांगा आणि आत कोरडे पायमोजे घाला. चिखल्या झालेल्या बेचक्यांतून पावसाळ्यात लेप्टो (उंदीर-गुरांच्या मुतातून चिखलपाण्यात येणारा जिवाणू) शिरतो, आणि तो मलमाने आवरण्याइतका सोपा नाही.